दार, फट आणि गवारीची शेंग

माझ्या जुन्या प्रीमिअर पद्मिनी गाडीच्या दाराची फट काल एका गृहस्थांनी गवारीच्या शेंगेने मोजली. माप बरोबर आलं, त्यामुळे राग अजून उतरलेला नाही.

झालं होतं असं की चालकाच्या बाजूचं पुढचं दार तळाशी सडलं होतं. पद्मिनीचं दार सडतं ते आतून. काचेच्या कडेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, तळाला असलेली निचऱ्याची भोकं धुळीने बुजलेली असतात, आणि पाणी तिथेच मुक्काम ठोकतं. आपल्याला रंगावर फोड दिसतो तोवर आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. सुदैवाने दाराचा सांगाडा धड होता. बदलायचा होता तो फक्त बाहेरचा पत्रा.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सीच्या रूपात धावत होत्या. एक भंगारात गेली की तिची दारं, बोनेट, डिकी दहा गाड्यांना जीवदान देत. 2008 साली टॅक्सीला 25 वर्षांची मर्यादा आली, 2013 मध्ये ती 20 वर झाली, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी हळवे मथळे दिले. ज्यांना उजव्या बाजूचं दार हवं होतं, त्यांचे डोळे मात्र खरोखर पाणावले. कुर्ल्याच्या कारखान्यात हे पत्रे दाबणारे साचे होते, ते काम थांबूनही वीसहून अधिक वर्षं झाली. आता उरला तो लोकल माल. कुणीतरी जुना पत्रा समोर ठेवून, बेंडिंग मशीनवर दुमडून आणि उरलेलं हातोडीने पटवून काढलेला. विकणारा त्याला 'सेम टू सेम' म्हणतो.

हा पत्रा हातात आला की दाराला लावायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे त्यावरचा काळा रंग. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासायचं. फडकं काळं झालं तर तो प्रायमर नव्हे, प्रवासात गंज धरू नये म्हणून फासलेला रंग आहे. तो मुळापासून काढायचा, नाहीतर त्यावर केलेला महागडा रंग वर्षभरात सालीसारखा सुटतो. दुसरी म्हणजे जाडी. 20 गेजचा पत्रा साधारण 0.9 मिलिमीटर, 22 गेजचा 0.7. मिलिमीटरचा हा पाचवा हिस्सा कागदावर काहीच नाही, पण 22 गेजचं दार लावताना टणटण आवाज करतं आणि पार्किंगमध्ये कुणी कोपर टेकवलं तरी आत जातं. काही जण तर जी.पी., म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरतात. जस्ताचा थर असल्याने तो लवकर गंजत नाही, हे खरं. पण वेल्डिंग करताना त्या जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो आणि साधा प्रायमर त्यावर धरत नाही, हे सांगायला कुणी येत नाही.

माझा पत्रा 20 गेजचा होता. बस्स, कौतुक इथेच संपलं. कडेची दुमड, म्हणजे सांगाड्याच्या कडेवर मागे वळवायची पट्टी, सगळीकडे 10 मिलिमीटर हवी, ती वर 14 आणि खाली 7 होती. बीडिंगच्या, म्हणजे दारावरच्या शोभेच्या पट्टीच्या, क्लिपांची भोकं नव्हतीच. निचऱ्याची भोकंही नव्हती, म्हणजे ज्या रोगाने जुना पत्रा गेला त्याच रोगाची सोय करून नवा आला होता.

गॅरेजच्या उस्तादांनी पत्रा सांगाड्यावर बसवला, चिमट्यांनी धरला, दुमड तात्पुरती वाकवली आणि दार गाडीला टांगलं. रबर काढून ठेवलेलं, लॉकची प्लेट सैल. असंच करायचं असतं, कारण नवं रबर दाराला बाहेर ढकलतं आणि लॉक दाराला खेचतं. ही दोघं बाजूला झाल्याशिवाय दार खरं कुठे बसतंय ते कळत नाही. मी 4 मिलिमीटरचं ड्रिल उलटं धरून त्याच्या गुळगुळीत दांड्याने मडगार्ड आणि दार यांच्यामधली फट तपासत होतो. 4 चा दांडा सरकला पाहिजे, 5 चा अडला पाहिजे. इतका साधा हिशेब.

"भोक पाडताय?"

मागे एक काका उभे होते. शेजारच्या दुकानात त्यांच्या स्कूटरचं पंक्चर निघत होतं. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर कानटोपी. नाना पेठेच्या बोळात भर दुपारी कानटोपी घालणाऱ्या माणसाशी बोलू नये, हे ज्ञान मला नंतर झालं.

"फट मोजतोय."

"ड्रिलने?"

"दांड्याने."

"अहो, मग फूटपट्टी आणा की."

मी सांगितलं की फूटपट्टी फटीत जात नाही. त्यांनी मान डोलावली, पिशवी टपावर ठेवली (माझ्या टपावर, ज्याला मागच्याच आठवड्यात प्रायमर मारला आहे) आणि तीत हात घालून गवारीची एक शेंग काढली. निरखली. "ही वाकडी आहे," म्हणून परत टाकली. दुसरी काढली, तीही परत. तिसरी पसंत पडली. ती त्यांनी चपटी धरून फटीच्या वरच्या टोकाला घातली. सुर्रकन गेली. तशीच खाली आणायला सुरुवात केली. दाराच्या मध्यापर्यंत आली, मग घासू लागली, आणि बिजागरीच्या खाली एका जागी रुतून बसली. काकांनी सोडली तरी शेंग पडली नाही.

"वर ढिलं, खाली टाइट," काका म्हणाले.

मी तेच माप ड्रिलने घेतलं होतं. वर 6, खाली 3. पण माझं माप कुणी ऐकलं नव्हतं. शेंग फटीत उभी राहिलेली बघायला मात्र उस्ताद, त्यांचा पोऱ्या, पंक्चरवाला आणि चहा घेऊन आलेला मुलगा, सगळे जमले. उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, काका बरोबर बोलतात."

काकांना आता व्यासपीठ मिळालं. त्यांच्या साडूंची फियाट होती. नंबर लावला तेव्हा मुलगी बालवाडीत, गाडी आली तेव्हा ती पाचवीत. त्या गाडीच्या दाराची फट कशी होती, हे मी विचारलं नव्हतं, तरी कळलं: "फट नव्हतीच!" हे शक्य नाही. फट नसलेलं दार उघडतच नाही. पण साडूंच्या गाडीबद्दल तर्क करण्यात अर्थ नसतो. "कितीला पडला पत्रा?" मी आकडा सांगितला. काकांनी तो पंक्चरवाल्याला ऐकवला. पंक्चरवाला हसला. "तेवढ्यात तर माझी स्कूटर आली होती," काका म्हणाले. कोणत्या साली, ते सांगितलं नाही.

आणि मग उपाय: "खालून घासून टाका. ग्राइंडर नाही का?"

पोऱ्याने ग्राइंडरची पिन सॉकेटमध्ये घातलीसुद्धा. कुठल्याही गॅरेजमध्ये ग्राइंडर हे सर्वांत आज्ञाधारक यंत्र असतं.

दाराची कड म्हणजे एक पत्रा नसतो. मधे सांगाड्याची कड, बाहेरून नवा पत्रा, आणि त्याचीच दुमड आतून मागे वळलेली, असे तीन थर. ग्राइंडर लावला की घासली जाते ती नेमकी दुमडीची घडी. दोन मिलिमीटर घासा, घडी निघून जाते, आणि बाहेरचा पत्रा सांगाड्याला धरून आहे तो फक्त लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, भरवशावर. दोनेक महिने दार आपटलं की कडेने बारीक भेग पडते, पाणी शिरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे मी बोलत असताना काका शेंगेकडे बघत होते.

फट अशी वरखाली बिघडण्याची सर्वसाधारण कारणं दोन. एक, दार लोंबलंय. उघड्या दाराचं टोक धरून वर उचलायचं. बिजागरीत खडखड झाली तर पिन झिजलेली आहे, आधी ती बदलायची. इथे पिना नव्या होत्या. दुसरं, गाडीच खचली आहे. दाराखालचा रनिंग बोर्ड कुजला की ही चॅसिसविना बांधलेली बॉडी मधोमध वाकते. मग दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून दुसऱ्या बाजूशी ताडायचे, आणि रनिंग बोर्ड कापायचाच असेल तर आधी चौकटीत 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा, वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून ठेवायचा. ही मापं घेताना गाडी चाकांवर उभी हवी. मधे जॅक लावून उचललेल्या गाडीचं दार कधीच खरं बोलत नाही. आमचे कर्ण जुळत होते. म्हणजे दोष पत्र्याचा, म्हणजे 'सेम टू सेम'चा.

तर उपाय असा: खालची दुमड उघडायची, पत्रा दोन मिलिमीटरहून थोडा जास्त मागे सरकवायचा, आणि दुमड पुन्हा तीन टप्प्यांत घ्यायची. आधी थोडी झुकवून पूर्ण लांबीभर, मग अर्धी, मग सपाट, बाहेरून डॉली, म्हणजे टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरून. एकाच जागी एका दमात सपाट केली तर बाहेर लाटा उठतात. वर जिथे फट जास्त आहे, तिथे कडेला 2 मिलिमीटरची तार सीओटू वेल्डिंगने टाक्याटाक्याने जोडून, मग कानशीने उतरवायची. टाके एकाशेजारी एक नाहीत; एक वर, एक खाली, मधे पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आणि रंगाआधी फट 5 ला थोडी जास्तच ठेवायची, कारण प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो आणि अर्धा मिलिमीटर खातो. पुट्टीचा थर 2 मिलिमीटरच्या वर नको, आणि कडेला तर जवळपास नकोच.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे घासायचं नाही," ते म्हणाले, आणि फटीतली शेंग उपसून, कानटोपीला पुसून, परत पिशवीत टाकली. संध्याकाळी ती भाजीत गेली असणार, माझ्या दाराच्या ग्रीससकट. जाताना त्यांनी पोऱ्याला सांगितलं, "काम झालं की पुन्हा शेंग घालून बघा." पोऱ्याने आज सकाळी माझ्या देखत कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून गवार आणली. पाव किलो. माझ्या खात्यावर.

बाकी सरकारचंही एक आहे. 2021 पासून 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. उत्तम. मूळ रूपातलं दार कुठे मिळतं, याची तरतूद नियमात नाही. शब्दन् शब्द पाळायचा झाला तर माझं सडलेलं दार जास्त मूळ होतं.

दुपारी विकणाऱ्याला फोन केला. दुमड 7 आहे, भोकं नाहीत, कड तिरकी आहे, परत घ्या.

"तुम्ही फिट करून बघितला का साहेब?"

"हो. म्हणून तर कळलं."

"फिट केलेला माल परत होत नाही."

"फिट न करता कसं कळणार की बसत नाही?"

"बसतो साहेब. सगळ्यांना बसतो." मग थोडा वेळ मागे दुकानातला गोंगाट ऐकू येत राहिला. "डाव्या बाजूचा पण आहे आपल्याकडे. पाठवू?"

डावं दारही खालून फुगलंय. पाठवा म्हटलं.