सोसायटीचं ग्रास कटर गणपतीच्या आत कसं संपवावं

पावसाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले की मुलुंड घ्या नाहीतर दहिसर, सोसायटीच्या कंपाउंडलगतचं गवत गुडघ्याला लागतं. मग तळमजल्यावर कोणाला तरी साप दिसतो. बहुधा तो पाइपचा तुकडा असतो, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर त्याचा नाग झालेला असतो. तातडीची मीटिंग होते आणि सेक्रेटरी या नात्याने तुम्ही नागदेवी स्ट्रीटवरून खांद्याला अडकवायचं पेट्रोलवरचं ग्रास कटर घेऊन येता. अभिनंदन. आता ते गणपतीच्या आत कायमचं बंद पाडायचं आहे. अवघड काहीच नाही. टू-टी ऑइलकडे, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलकडे, दुर्लक्ष केलं की बाकीचं आपोआप होतं.

खोक्यात पुस्तिका निघेल. ती न वाचता पावतीला टाचून फायलीत लावा, ऑडिटला बरी दिसते. चुकून उघडलीत तर यंत्र टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक हे कळण्याचा धोका आहे. हल्ली दोन्ही मिळतात. फोर-स्ट्रोकला इंजिन ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं आणि टाकीत साधं पेट्रोल जातं. टू-स्ट्रोकला ऑइलची वेगळी जागाच नाही. पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, वर जातात, आणि जाता जाता बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन या सगळ्यांना त्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल पुरवतात. पेट्रोलमध्ये ऑइल नसेल तर ते दुसरीकडून कुठूनही यायचं नाही. ही माहिती कमिटीबाहेर जाऊ देऊ नका. कमिटीत तर मुळीच नको. ‘साहेब, ऑइल कुठे टाकू?’ असं वॉचमनने विचारलं तर ‘नव्या मशीनला लागत नाही’ म्हणून मोकळे व्हा. साध्या पेट्रोलवरही यंत्र झकास सुरू होतं. थोड्याच वेळात मात्र पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि मग स्टार्टरची दोरी कोणाच्या बापालाही ओढता येत नाही.

पण ही झाली रांगडी पद्धत. रसिक माणूस ऑइल घालतो आणि तरीही यंत्र मारून दाखवतो.

त्यासाठी चौथ्या मजल्यावरच्या काकांना बोलवा. उमेदीची सगळी वर्षं बजाज चेतकवर काढलेले काका प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांचा हिशोब पाठ आहे: ‘लिटरला एक झाकण.’ कोणत्या बाटलीचं झाकण, हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही आणि विचारायची आपली छाती नाही. पुस्तिकेतला हिशोब त्यामानाने फारच अरसिक. पन्नासास एक (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) म्हणजे लिटरला 20 मिली, चाळीसास एक म्हणजे 25, पंचविसास एक म्हणजे 40. पाच लिटरच्या कॅनला पन्नासास एक प्रमाणात 100 मिली. केमिस्टकडून सुईशिवाय एक सिरिंज आणली तर हे मोजणं पोरसवदा मुलालाही जमेल. म्हणून सिरिंज आणू नका. यंत्राबरोबर खुणा केलेली मिसळायची बाटली येते, तीत वॉचमनच्या केबिनमधला मनी प्लांट लावावा. उगाच रिकामी कशाला?

‘थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही, ऑइलच आहे,’ हे काकांचं दुसरं वचन. यावर माझा खास लोभ आहे, कारण ऐकायला ते अगदी शहाणपणाचं वाटतं. ऑइल वाढलं की मिश्रणातलं पेट्रोल तेवढं कमी होतं; कार्बोरेटर तर ठरलेल्या मापानेच मिश्रण सोडणार. म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय निळा धूर, काळा पडलेला प्लग आणि कार्बनने बुजत जाणारा सायलेन्सर. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला की मच्छर जातील, असं ग्रुपवर टाकून द्या. दोन अंगठे नक्की मिळतील.

आता ऑइलची निवड. दुकानदार बाटली उलटी करून मागचं ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ दाखवायला लागला तर घाई आहे असं सांगा. या जपानी प्रतवारीत एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी, आणि एफडी धुराला एफसीइतकंच पण इंजिन आतून जास्त स्वच्छ ठेवणारं. खजिनदारांना एफडी म्हटलं की बँकच आठवते, त्यामुळे त्यांच्याकडून काही भीती नाही. ‘टीसी-डब्ल्यू थ्री’ लिहिलेली बाटली दिसली तर जरूर घ्या. ती बोटीच्या मागे लावायच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. ग्रास कटरचा सिलिंडर नुसत्या हवेवर थंड व्हायचा असतो, तिथे ती चुकीची ठरते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

खर्च वाचवायचा असेल तर चेअरमनच्या गाडीचं सर्व्हिसिंग झाल्यावर उरलेलं इंजिन ऑइल आहेच. ते जळून जाण्यासाठी केलेलंच नसतं. त्यातली धातूंची रसायनं राख होऊन प्लगवर आणि पिस्टनवर बसतात. एखादे अभ्यासू सभासद एरंडेलही सुचवतील. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत खरोखरच एरंडेल घालत, त्यामुळे वाद घालू नका. एरंडेल इंजिनात चिकट थर धरतं, एवढंच.

खरी मजा पुढे आहे. दसऱ्याला गवत वाळलं की यंत्र टाकीतल्या मिश्रणासकट मीटर रूममध्ये टाकायचं, ते थेट पुढच्या जूनला बाहेर काढायचं. (गणपतीची मुदत हुकली असेल त्यांच्यासाठी ही दुसरी संधी.) पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. मुंबईची दमट हवा त्याला काही कमी पडू देत नाही. पाणी पुरेसं शिरलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. पेट्रोल ओढणारी नळी कुठे असते? तळाशी! ऑइल मोजून घातलेलं असूनही इंजिन बिनऑइलचं चालतं. इतकी नाजूक कारागिरी काकांनाही सुचली नसती. उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वाळून त्याचा डिंक होतो, जेट बुजतात, रबराचा पडदा कडक होतो. एक महिन्याच्या आत संपेल एवढंच मिश्रण करावं, कॅन हलवून मगच ओतावं, हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेस्तोवर चालवावं, हे सगळं करणारे लोकही असतात. त्यांची यंत्रं वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांना नागदेवीला जायचं निमित्त मिळत नाही, बिचारे.

मेकॅनिक सिलिंडर उघडून त्याच्या आतल्या भिंतीवरचे उभे ओरखडे दाखवेल. तुम्ही माळ्याकडे बघा, माळी वॉचमनकडे बघेल, वॉचमन गावी गेलेला असेल. ‘हल्ली माल हलका येतो’ असा ठराव वार्षिक सभेत एकमताने मंजूर करून घ्या, तीन कोटेशनं मागवा आणि जुन्या यंत्राचा वॉरंटीचा अर्जही भरून टाका. त्यात ‘कोणतं ऑइल वापरलं?’ असा एक रकाना असतो. तिथे ‘चांगलं’ असं लिहा.