हाऊ ब्रेक नई शे

मी जुन्या रेसगाड्यांचं परीक्षण करतो, असं अमळनेरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘आरटीओत लागले का?’ नाही म्हटलं की दुसरा, ‘मंग कितला पैसा भेटस?’ पैसा भेटत नाही, हे कळल्यावर तिसरा प्रश्न मला कुणी विचारत नाही. तो परस्पर माझ्या बायकोला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा आवाज दवाखान्यात भेटायला आल्यासारखा खाली आलेला असतो.

प्रकार असा आहे. संगणकावर गाडी चालवण्याचे जे गंभीर सिम्युलेटर असतात, त्यांत मूळच्या गाड्यांखेरीज बाहेरच्याही, फाईल म्हणून, घालता येतात. जगभरातली हौशी माणसं रात्री जागून १९३६ची ऑटो युनियन, १९५७ची मासेराती, १९६७ची लोटस घरबसल्या घडवतात. पत्रा, चाकं, काटे, आवाज, सगळं. एवढं केल्यावर कुणीतरी ती चालवून बघावी आणि चार बरे शब्द लिहावेत, असं त्यांना वाटतं. आमच्या गल्लीतला तो कुणीतरी मी.

हा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात दुपारी दोनला आमच्याकडे यावं. बाहेर पारा ४४च्या पुढे, कूलरमधलं पाणी आटलेलं, आणि बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग. हे स्टिअरिंग साधं नसतं. रस्त्यावर चाकाखाली जे होतं ते आतली मोटर तुमच्या मनगटात आणून सोडते. त्या टेबलावर सकाळी पिको-फॉल होतो आणि दुपारी न्यूर्बुर्गरिंग, म्हणजे जर्मनीतली शर्यतीची वाट. एकदा एका वळणावर स्टिअरिंगने असा हिसका दिला की बॉबिनचा डबा उडाला आणि सगळी रिळं पलंगाखाली गेली. ती काढायला पलंगाखाली मीच गेलो. तिकडे गाडी जर्मनीतल्या कुंपणात पडून होती.

पण उकाडा, वीज, रिळं, हे सगळं सोसता येतं. खरी डोकेदुखी वेगळी आहे. नव्या गाडीत खोट सापडली तर ती खोट असते, लिहून मोकळं व्हावं. जुन्या गाडीत सापडली तर ती बनवणाऱ्याची की इतिहासाची, हे आधी ठरवावं लागतं. आणि बनवणाऱ्याकडे एकच उत्तर तयार असतं. गाडी मागून निसटते म्हणावं, तर ‘मूळची तशीच होती.’ समोरचं काही दिसत नाही, तर ‘मूळची तशीच होती.’ उद्या गाडी सुरूच होत नाही म्हटलं, तरी हे लोक कुठल्यातरी १९३७च्या शर्यतीत ती सुरू न झाल्याचा फोटो काढून दाखवतील.

वाईट म्हणजे पुष्कळदा त्यांचं खरं असतं. सुट्टीत भाचा आला होता. त्याला मासेराती २५०एफमध्ये बसवलं. पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी होती त्याहून जोरात झाडीत घुसली. ‘मामा, फाईल खराब आहे,’ त्याने निकाल दिला. फाईल उत्तम होती. त्या मासेरातीत क्लच डावीकडे, ॲक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे असायचा. बनवणाऱ्याने बरोबर धाडलेल्या चिठ्ठीत, आपापले पेडल तसे जोडून घ्या, अशी तंबीच होती. असल्याच मासेरातीवर फांजिओ नावाच्या चालकाने १९५७ साली न्यूर्बुर्गरिंगला ९ मिनिटं १७.४ सेकंदांची फेरी मारली आणि पुढे गेलेल्या हॉथॉर्न आणि कॉलिन्स ह्या दोघांनाही गाठून शर्यत जिंकली. वय वर्षं ४६. हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पेडल बदलून का नाही घेतले त्यांनी?’ मॉस नावाच्या दुसऱ्या चालकाने आपल्या गाडीत घेतले होते, म्हणालो. ‘मग तो हुशार,’ म्हणाला आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेला.

काट्यांचंही तेच. ह्या गाड्यांना स्पीडोमीटर नसतो. रेसवाल्याला वेग आकड्यात कळून करायचंय काय? इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर तेवढा मोठा, बरोबर मध्ये. पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तो स्मिथ्स कंपनीचा क्रोनोमेट्रिक असे आणि त्याचा काटा सरकत नसे, टप्प्याटप्प्याने उडी मारी. बनवणाऱ्याने ती उडी हुबेहूब उतरवली, आणि ज्यांनी ज्यांनी गाडी चालवली त्यांनी ‘ग्राफिक्स अडकतंय’ म्हणून कळवलं. त्या बिचाऱ्याचं मला वाईट वाटलं. सहा महिने खपून माणसाने अस्सल दोष घडवावा आणि लोकांनी तो दुरुस्त करून मागावा!

उलटेही नमुने असतात. पोर्शे ९१७च्या गिअर लिव्हरची मूठ वजन वाचवायला बाल्सा लाकडाची केलेली होती. एका गाडीत त्या मुठीच्या लाकडाच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात अशा होत्या. पण बारा सिलिंडरच्या इंजिनावर आडवा बसवलेला तो भलामोठा पंखा, ज्याच्या जिवावर इंजिन थंड राहायचं, तो जागचा हलत नव्हता. ह्यावरही ‘मूळचा तसाच होता’ आलं, तेव्हा मी पाणी पिऊन आलो आणि मग उत्तर लिहिलं.

म्हणून दिसण्यावर मी जात नाही. सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस घोड्याची झूल बघत बसत नाही, आधी ओठ वर करून दात बघतो. तसा मी आधी आतल्या फाइली उघडतो. टायरची वेगळी, सस्पेन्शनची वेगळी, गाडीवरून जाणाऱ्या हवेची वेगळी. नुसते आकडे, पण सगळी लबाडी तिथे सापडते. मध्यंतरी एक लोटस ४९ आली. काय गाडी होती ही मूळची! ४ जून १९६७, हॉलंडमधलं झांडफोर्ट, पहिलीच शर्यत आणि जिम क्लार्क जिंकला. मागे तीन लिटरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, आणि ते नुसतं बसवलेलं नाही. इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा, मागची चाकं त्याच्यावर टांगलेली. आलेली प्रत दिसायला देखणी. पण वेग वाढवला की ती रस्त्याला चिकटायची आणि मोठाली वळणं न कुरकुरता घ्यायची. १९६७च्या गाडीला चिकटायचं काही कारणच नाही. हवेच्या जोरावर गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख फॉर्म्युला वनमध्ये आले १९६८ साली. हवेची फाईल उघडली, तर आत मागचा पंख व्यवस्थित बसवलेला, दिसत नव्हता एवढंच. कुठल्यातरी नव्या गाडीच्या फाइली उचलून वर जुना पत्रा चढवला होता. अशा वेळी जो आनंद होतो तो घरात कुणालाही सांगता येत नाही. मी बायकोला सांगून बघितलं. ती म्हणाली, ‘अहो, दिसतच नाही तर असू द्या की.’

राहता राहिली ऑटो युनियन टाईप सी. ही मात्र माझ्या आवाक्याबाहेरची होती, आणि कुणाच्याही असावी. सोळा सिलिंडर, सहा लिटर, वर इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर, पाचशेवीसच्या आसपास घोडे. आणि तेव्हाच्या नियमाने रिकाम्या गाडीचं वजन ७५० किलोच्या आत. इंजिन मागे, चालवणारा पार पुढे. मागची चाकं स्विंग ॲक्सलवर, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळ्या झुलणाऱ्या दांड्यांवर, त्यामुळे भर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट पुढे यायला निघते. रोझमायर ह्या गाडीवर १९३६ साली युरोपचा विजेता झाला. आमच्याकडे ती पहिल्या सरळ पट्ट्यातच आडवी व्हायची. आता ह्यातलं रोझमायरच्या गाडीचं किती आणि बनवणाऱ्याचं किती, हे सांगणार कोण? असली गाडी चालवलेला माणूस खानदेशात मिळणार कुठून?

तो समोरच्या ओट्यावर बसलेला होता. नाना एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. शंभर-सव्वाशे घोड्यांच्या आणि पन्नास माणसांच्या गाड्या त्यांनी कन्नडच्या घाटातून काढल्या, त्याही सिंक्रोमेश नसलेल्या, म्हणजे दात आपोआप जुळवून न घेणाऱ्या गिअरबॉक्सवर. दर गिअरला क्लच दोनदा. खालचा गिअर टाकायचा तर मध्ये न्यूट्रलला एक झटका ॲक्सिलरेटर द्यायचा. नाहीतर बॉक्स असा ओरडतो की मागच्या सीटवरचा झोपलेला उतारू उठून बसतो. ऑटो युनियनलाही हेच लागतं.

नानांनी लगेच बसायला नकार दिला. आधी गाडीभोवती फिरून दाखव म्हणाले. कॅमेरा फिरवला. टायर बघितले, खालून तेल गळत नाही ना ते बघितलं. ‘इंजिन मांगे शे,’ खूश झाले, ‘पायले चटका नई.’ मग बसले, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘बापू, गाडीना हॉर्न कोठे शे?’ नाही, म्हटलं. आरसा? आहे. वायपर? नाही. पट्टा? फॉर्म्युला वनमध्येसुद्धा पट्ट्याची सक्ती १९७२ची, ही तर त्याआधी छत्तीस वर्षांची. ‘मंग इनी पासिंग कशी व्हयनी?’ हा प्रश्न मूळ जर्मन कारखान्याला विचारायला हवा होता, पण उशीर झाला होता.

न्यूर्बुर्गरिंगची ती जुनी वाट म्हणजे २२.८ किलोमीटर, दीडशेहून जास्त वळणं, आयफेलच्या डोंगरातली चढ-उताराची. नाना ती डाव्या बाजूने निघाले. प्रत्येक आंधळ्या वळणावर त्यांचा अंगठा हॉर्न शोधत स्टिअरिंगच्या मध्यभागी जायचा. बायको चहा घेऊन आली, कप घेऊन गेली, पुन्हा मशीनचं टेबल कधी मोकळं होणार म्हणून विचारायला आली. पाऊण तासाने ते पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर होते. पाचशेवीस घोड्यांपैकी बहुतेकांना त्यांनी आराम दिला होता. पण गाडी कुठे घासली नव्हती, आणि आमच्या घरात त्या गाडीची पुरी झालेली ही पहिली फेरी. त्यांच्या पायांना निवृत्तीचं पत्र बहुतेक मिळालेलंच नाही. क्लच, न्यूट्रल, झटका, क्लच, तोंडाने बोलणं चालू असताना खाली सगळं बिनबोभाट.

दुसऱ्या फेरीला शेवटच्या लांब पट्ट्यावर त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय मोकळा सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, शेपूट एकीकडे निघाली. मी उठून उभा राहिलो. नाना हलले नाहीत. ‘सरकस ती, सरकू दे,’ म्हणाले. हात थोडा उलटा घेतला, गाडी सरळ आली. त्या काळच्या अरुंद टायरांचं हेच तंत्र होतं. ते घसरायचे, पण सांगून घसरायचे. हे मी परीक्षणांतून इतक्यांदा लिहिलंय, पण माझ्या हाताला अजून पटलेलं नाही. मग समोर वळण आलं आणि नानांनी ब्रेकवर पाय दिला. दिला, पुन्हा दिला, उभे राहायचेच बाकी होते. वळण गेल्यावर, झाडं चुकवून झाल्यावर, ते शांतपणे म्हणाले, ‘बापू, हाऊ ब्रेक नई शे, दिलासा शे.’

उतरल्यावर त्यांनी कागद मागितला आणि डेपोत द्यायचे तसा शेरा लिहून दिला: ‘ब्रेक उशिरा लागतो. क्लच जड. हॉर्न, वायपर, बेल्ट नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडल्यास गाडी उजवे बाजूस ओढते. इंजिन एक नंबर.’ माझी परीक्षणं दोन-दोन पानांची असतात. मी ह्यात एक शब्द न घालता तेवढंच बनवणाऱ्याला कळवलं.

ब्रेक, क्लच आणि हॉर्नबद्दल अपेक्षित उत्तर आलं, मूळची तशीच होती. उजवीकडे ओढण्याबद्दल मात्र काहीच आलं नाही. मग दोन दिवसांनी नवी फाईल आली. पुढच्या एका चाकाच्या आकड्याआधीचं वजाचं चिन्ह राहून गेलं होतं, म्हणजे दोन चाकांपैकी एक थोडं आत आणि दुसरं थोडं बाहेर बघत होतं. ह्या गाडीबद्दल इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं, असं त्याने लिहिलं, आणि तुमचा चालक कुठल्या संघाचा, असं विचारलं. मी लिहिलं, एस.टी. त्याने पुन्हा विचारलं, हा कुठल्या देशाचा संघ, गाड्यांचा रंग कोणता? लाल, असं कळवलं. जुन्या शर्यतींत ब्रिटिश गाड्या हिरव्या, जर्मन पांढऱ्या किंवा चंदेरी आणि इटालियन लाल. त्याने नानांना इटालियन धरलंय. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, असू दे, पेन्शन थांबत नई ना?

आता पुढची फाईल आली आहे, पोर्शे ९१७ची. फिरत्या पंख्यासकट, आणि वर ‘एस.टी.च्या चालकासाठी’ अशी चिठ्ठी. ही गाडी फ्रान्समधल्या ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी आहे, १९७० साली हेरमन आणि अ‍ॅटवुड अशा दोघांनी मिळून ती जिंकली होती, तर आपण रात्रीचीही चालवून बघू, असं मी नानांना सुचवलं. नानांनी तंबाखू मळायची थांबवली.

‘चोईस तास? दोन डायव्हर, आनि कंडक्टर नई?’

नाही, म्हटलं.

‘मंग पहिले इचारी ले, रातना भत्ता कितला.’

मी विचारलं आहे. उत्तर यायचं आहे, आणि तोवर बायकोने टेबलावर लग्नाचे ब्लाऊज काढले आहेत.