उपवर राजकन्यांच्या पालकांस

घरात हॅब्सबर्ग मुली उपवर झाल्या असतील तर आधी तोफांची ऑर्डर थांबवा. 'लढाया इतरांनी कराव्यात, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्नं कर' असं आपल्या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याबद्दल लोक उगाच म्हणत नाहीत.

स्थळ लवकर हेरा. १५०६ साली मॅक्सिमिलियननं नात मेरीचं लग्न हंगेरीत ठरवलं, तेव्हा नवरदेव आईच्या पोटात होता. मुलगाच झाला, हे व्याह्यांचं नशीब. त्याच घरची ॲना सून म्हणून आणायची होती, पण दोन नातवांपैकी कोणाला द्यायची ते ठरेना. मग १५१५ मध्ये व्हिएन्नात ५६ वर्षांचे आजोबाच नातवाच्या जागी जेमतेम बारा वर्षांच्या नवरीशेजारी उभे राहिले. मुहूर्त टळता कामा नये.

फार लांबही शोधू नका, माद्रिदला आपलीच माणसं आहेत. आपल्या मारियानाचं स्पेनच्या राजपुत्राशी, म्हणजे मामेभावाशी, ठरलं होतं. १६४६ मध्ये तो वारला. ठरलेली सोयरीक मोडायची कशी? तीन वर्षांनी सासरेबुवा स्वतःच बोहल्यावर चढले. नवरी १४ वर्षांची, नवरदेव ४४ वर्षांचा आणि तिचा सख्खा मामा. त्यांची लेक मार्गारिटा. तिची चित्रं व्हिएन्नाला जात (फोटो दरबारी चित्रकार वेलास्केझकडून काढून घ्यावेत, स्थळ हातचं जात नाही). १६६६ मध्ये तीही सख्ख्या मामालाच, सम्राट लिओपोल्डला दिली. म्हणजे आई तीच नणंद आणि आईला भाऊ तोच जावई. मानपानाचा खर्च निम्म्यावर! लग्नानंतरही ती नवऱ्याला मामाच म्हणे. एकविसाव्या वर्षी गेली.

तहात मुलीचं नाव मात्र पेन्सिलीनं लिहा. सम्राज्ञी मारिया थेरेसाला ११ मुली झाल्या, तरी तिची तारांबळ उडालीच. नेपल्सच्या फर्डिनांडसाठी योहाना नेमली होती, ती १७६२ मध्ये देवी येऊन गेली. मग योझेफा. १७६७ च्या ऑक्टोबरात, ज्या दिवशी पाठवणी व्हायची त्याच दिवशी, तीही देवीनंच गेली. पुढच्या वर्षी कॅरोलिना रवाना. नवरा तोच, तह तोच. देखणी एलिझाबेथ देवीतून वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि स्थळं यायची थांबली. तिची सोय इन्सब्रुकच्या मठात. अमालियाचं मन दुसऱ्यावर होतं, तिला पार्माच्या पाच वर्षांनी लहान ड्यूकला दिली. लाडक्या क्रिस्टिनाला तेवढा प्रेमविवाह करू दिला. असा एखादा अपवाद ठेवावाच, बहिणींना जन्मभर बोलायला विषय मिळतो.

धाकटी मारी आंत्वानेत. १७७० मध्ये व्हिएन्नात तिचं लग्न लागलं तेव्हा नवरा फ्रान्समध्येच होता, त्याच्या जागी तिचाच सख्खा भाऊ उभा केला होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

एका प्रकारच्या मुलीपासून मात्र सावध राहा. मॅक्सिमिलियनची लेक मार्गारेट. तिला तिसऱ्या वर्षी फ्रान्सला पाठवलं, तिथल्या राजानं तेराव्या वर्षी परत केली. मग स्पेन, तिथला नवरा सहा महिन्यांत गेला. मग सॅव्हॉय, तोही गेला. चोविसाव्या वर्षी तिनं 'आता पुरे' म्हटलं, इंग्लंडच्या राजालाही नकार दिला आणि नेदरलँड्सचा कारभार हाकला. १५२९ मध्ये कांब्रे इथं फ्रान्सच्या राजाच्या आईबरोबर बसून तिनं युद्ध मिटवलं. ती राजमाता तिची नणंदच लागत होती. त्या तहात एक कलम होतं: मार्गारेटची विधवा भाची एलिओनोरा फ्रान्सच्या राजाला द्यायची. मार्गारेटनं सही केली.