गाणारे नर मोजले म्हणून आकडा खोटा ठरत नाही

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कर्टलंड वॉर्बलर ह्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याची मोजणी ही निव्वळ धूळफेक, नुसते गाणारे नर मोजायचे, दुप्पट करून संख्या सांगायची आन वर त्याच पक्ष्यासाठी उभं जंगल तोडायचं.

दुपटीचं तुमचं बरोबर आहे. गाणाऱ्या प्रत्येक नराला मादी मिळालेली असतेच असं नाही, मी लेखात सरसकट 'जोड्या' लिहिलं ते चुकलं, आज दुरुस्त केलंय. पण मोजणीच खोटी हे काही पटत नाही. घरटं जमिनीवर, गवतात, जॅक पाइन ह्या तिकडच्या पाइन झाडाच्या खालच्या फांद्यांआड दडवलेलं, ते हुडकत फिरलं तर पायाखालीच यायचं. मादी गात नाही. नर मात्र जूनमध्ये पहाटेपासून सारखा गातो, शांत हवेत पार चारशे मीटरवर ऐकू येतं, मग दुसरं काय मोजणार?

एकच नर दोनदा मोजला जातो हे खरं, पण ते वहीत पकडता येतं. आम्ही तिघं मागं येडशीच्या रामलिंग घाटात दयाळ मोजत होतो. एक नर वाळक्या फांदीवर गायला, मी टिपला. थोड्या वेळानं साठेक पावलांवर गायला, परत टिपला. पलीकडच्या मित्राच्या वहीत वेळ आन दिशा होती, नकाशे शेजारी ठेवले तर माझे दोन आन त्याचा एक, तिन्ही मिळून पक्षी एकच! तेव्हापासून वेळ लिहिल्याशिवाय मी खूण करत नाही.

आता तिकडचे आकडे बघा. १९५१ ला ४३२ नर, १९६१ ला ५०२, १९७१ ला २०१. एकाच पद्धतीनं मोजलं म्हणून तर ही घसरण दिसली ना. काउबर्ड नावाचा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, आपल्या कोकिळेसारखं, म्हणून १९७२ पासून त्याला पकडायला लागले, तरी १९७४ ला १६७ आन १९८७ लाही १६७ च. घट थांबली पण वाढ होईना, कारण राहायला जागाच नव्हती. ह्या पक्ष्याला साधारण पाच ते वीस वर्षांचं कोवळं जॅक पाइनच लागतं. पूर्वी वणवा लागायचा, आगीच्या धगीनं शंकू उघडायचे, बी पडून नवं रान उठायचं. माणसानं वणवे विझवले आन झाडं म्हातारी झाली. १९८० ला मिशिगनमधल्याच मॅक लेकला मोठी आग लागली, त्या जागेवर कोवळं रान वाढलं तसे नव्वदच्या दशकात नर भराभर वाढले, २०१५ ला दोन हजार तीनशेच्या वर गेले.

जंगल तोडून परत लावतात ते वणव्याऐवजी, वणव्याचं काम करायला. आज लावलेलं रान वीसेक वर्षांनी ह्या पक्ष्याच्या कामाचं राहत नाही, म्हणून २०१९ ला अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून नाव काढल्यावरही तोडणं-लावणं चालू ठेवावं लागतंय, आन मोजणंही.