इव्हान इलिचला आमच्या आजीने बरं केलं असतं

एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कुटुंब आणि आजारपण या विषयावरच्या कादंबऱ्यांचा एक पेपर आहे आणि त्यात परीक्षेपेक्षा भयंकर प्रकार म्हणजे पर्सनल रिस्पॉन्स. पुस्तक वाचायचं, मग गोष्ट सांगायची नाही, समीक्षकांचं काही उचलायचं नाही, चॅटजीपीटीला विचारायचं नाही, फक्त 'तुम्हाला आतून काय वाटलं' ते लिहायचं. आता ज्या घरात बाथरूममध्ये जरा जास्त वेळ लागला तर बाहेरून "पोट बिघडलंय का गं?" अशी विचारणा होते त्या घरात आतून काही वाटायला सवड कुठून मिळणार.

आमचं घर कोथरूडला, टू बीएचके. आजीची आणि माझी खोली एक, त्यामुळे मी काय वाचतेय हे तिला कळतंच आणि तिला कळलं की सोसायटीला कळतं.

सुरुवात टॉलस्टॉयपासून. 'द डेथ ऑफ इव्हान इलिच', 1886. एबीसीतून, म्हणजे अप्पा बळवंत चौकातून, सेकंडहँड घेतलं, आधीच्या मालकाने पेन्सिलीने जिथे जिथे डेथ आलंय तिथे 'आयएमपी' लिहून ठेवलेलं. आजी म्हणाली सांग काय आहे त्यात. मी सांगितलं की एक न्यायाधीश असतो, नवीन घर सजवताना पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला खिडकीची मूठ लागते, तेव्हा काही वाटत नाही पण मग हळूहळू दुखायला लागतं आणि डॉक्टर लोक भांडत बसतात की किडनी जागची हललीय का अपेंडिक्स आहे.

"मूतखडा," आजी म्हणाली. "कुळथाचं कढण द्यायचं सकाळी अनशापोटी."

"आजी, तो शेवटी मरतो गं. नावातच आहे."

"मग मरेलच ना, कढण कोणी दिलं नाही तर."

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, सेकंड ओपिनियन घेतलं का त्याने? आता खरी गंमत अशी की घेतलं होतं. इव्हान एकामागून एक डॉक्टर पालथे घालतो, त्यात एक होमिओपॅथही असतो आणि त्याचं औषध तो घरच्यांपासून लपवून आठवडाभर घेतो आणि सोडून देतो. हे मी बोलायला नको होतं, कारण आई कणकेच्या हाताने बाहेर आली. "आठवडाभर? होमिओपॅथीला निदान तीन महिने द्यावे लागतात! आणि वर कॉफी पीत असेल." टॉलस्टॉयवर इतकं लिटरेचर आहे पण हा मुद्दा कोणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

तर मला आतून जे वाटलं ते हे, की इव्हानचं खरं दुखणं कुशीत नाहीच. घरचे सगळे त्याच्याशी खोटं बोलतात, तू मरत नाहीयेस नुसता आजारी आहेस असं नाटक करतात आणि त्याने तो एकटा पडतो. आमच्याकडे हे होणं शक्यच नाही. मला डेंगी झाला होता तेव्हा माझ्या प्लेटलेट्सचा आकडा फॅमिली ग्रुपवर रोज शेअर बाजारासारखा पडायचा, काका नागपूरहून "उद्या वर जातील" म्हणून अंदाज द्यायचे, किवी आणि पपईच्या पानांचा रस यावरून दोन गट पडले होते आणि भेटायला आलेली प्रत्येक बाई शहाळं ठेवून, खुर्ची ओढून, कोणाकोणाला असंच झालं आणि ते कसे गेले हे तपशीलवार सांगून, वर "तू मात्र काळजी करू नकोस हं" म्हणून चहा घेऊन जायची. इव्हानला एक खरं बोलणारा माणूस हवा होता, मला एक गप्प बसणारा चालला असता.

इव्हानशी एकटा खरा वागतो तो नोकर गेरासिम, तो रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो कारण त्याला त्याने बरं वाटतं. एवढं सांगितलं आणि आजीने माझ्याकडे असं पाहिलं की त्या रात्री रिस्पॉन्स राहिला बाजूला, मी तेलाची वाटी घेऊन तिचे गुडघे चोळत बसले. दुसऱ्या रात्रीही. "गेरासिम, जरा वरच्या बाजूला," असं ती अजून म्हणते.

काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस' पटकन आटपलं. सकाळी उठतो तर माणसाचा किडा झालेला आणि त्याला टेन्शन कशाचं तर ट्रेन चुकल्याचं, आणि लगेच ऑफिसातला साहेब घरी हजर. बाबांची कंपनी चाकणला. ते म्हणाले यात काल्पनिक काय आहे?

मग आला थॉमस मानचा 'द मॅजिक माउंटन', 1924, वजनाने डंबेल. हान्स कास्टोर्प दावोसच्या टीबी सॅनिटोरियममध्ये मावसभावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी जातो आणि सात वर्षं राहतो. दिवसाला पाच वेळा खाणं, बाल्कनीत ब्लँकेटं गुंडाळून पडायचं आणि ताप मोजायचा. (आई म्हणाली, मला पाठवा.) तिथली मुख्य नर्स त्याला थर्मामीटर विकते आणि त्याने लावून पाहिला की त्याला ताप निघतो. बाबांनी यावेळी पेपर खाली ठेवला. "म्हणजे भेटायला आलेल्यालाच ॲडमिट! हे धंदे तेव्हापासून आहेत तर." त्यांना एका हॉस्पिटलने ॲसिडिटीसाठी दोन दिवस ठेवून घेतलं होतं, ती सगळी कथा पुन्हा झाली, बिलासकट.

शेवटचं जेरी पिंटोंचं 'एम अँड द बिग हूम', 2012. याचं शांता गोखल्यांनी मराठी केलंय, 'एम आणि हूमराव', म्हणून आजीने स्वतःच वाचायला घेतलं. माहीमचा छोटा फ्लॅट, चार माणसं, आणि आईला मनाचा आजार, कधी उधाण तर कधी तळ, आत्महत्येचे प्रयत्न. एम, म्हणजे ती आई, बिड्या ओढते, तोंडाला येईल ते बोलते, आजी पहिले दोन दिवस खुदुखुदु हसत होती. मग हसणं थांबलं. पुस्तक मिटून म्हणाली, आमच्या वाड्यात एक काकू होत्या. मी वाट पाहत बसले. पुढे काही नाही. आईनेही कुठल्या काकू ते विचारलं नाही, बाबांनी डॉक्टर कोण ते विचारलं नाही, कोणी कढण सुचवलं नाही. आमच्या घरात मूळव्याधीवर जेवताना चर्चा होते हो, आणि त्या दिवशी मात्र आजी उठून भाजी निवडायला गेली.

तो रिस्पॉन्स मी एकटीने लिहिला, कारण कोणी मध्ये बोललंच नाही.

फाइल परत मिळाली. पहिल्या तिन्हींवर मॅडमचा एकच शेरा, 'घरच्यांचे प्रतिसाद उत्तम, तुमचा कुठे आहे?' चौथ्यावर नुसती बरोबरची खूण. संध्याकाळी सगळे हॉलमध्ये वाटच पाहत होते.

"आपल्याला किती पडले?" बाबांनी विचारलं.

"दहापैकी सहा."

"सहा?" आई म्हणाली. "होमिओपॅथीचं लिहिलंस ना नीट?"

"लिहिलं."

"मग रिचेकिंगला टाक."