सत्कार झाला, पण त्या नऊ मिनिटांचं काय?

आज सकाळी गल्लीतल्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स, सगळं यथासांग. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर शिफ्ट करणारा आपला माणूस, वय ३४, दोन लेकरांचा बाप, भर पावसात आयुष्यातली पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पुरी करून आला. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, त्यावर ९० किलोमीटर सायकल, त्यावर २१.१ किलोमीटर पळणं. वेळ ८ तास २३ मिनिटं, कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, साडेआठ तासांची. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

मग भाषणं सुरू झाली. सहा जण बोलले आणि सहाही जणांच्या तोंडी एकच शब्द. जिद्द. "पाऊस होता, वारा होता, पण जिद्द होती!" टाळ्या. तिथवरही ठीक, आनंदाच्या दिवशी माणसं असंच बोलतात. पण जेवणाच्या पंगतीत एकोणीस वर्षांचा एक पोरगा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, मलापण करायचंय. सायकल नाही अजून, समुद्रात कधी उतरलो नाही, पण जिद्द हाय की."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

सहातल्या एकानं तरी विचारलं का, ५२ व्या किलोमीटरला काय झालं? मागचं चाक बसलं. पाऊस कोसळतोय, बोटं गारठलेली, आणि बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर शर्यतीतून बाद. माणूस रस्त्याच्या कडेला उतरला, ट्यूब बदलली, नऊ मिनिटांत परत सायकलवर. सायकल संपवायची मुदत सुरुवातीपासून साडेपाच तास होती, हा ५ तास १९ मिनिटांनी आत आला. अकरा मिनिटं राखून. आता ऐका. मे महिन्यात हीच ट्यूब बदलायला त्याला चोवीस मिनिटं लागायची. तशी लागली असती तर चार मिनिटांनी हुकला असता. आज ना फेटा, ना भाषणं. जिद्द तेवढीच असती हो, तसूभरही कमी नाही.

त्या चोविसाची नऊ कशी झाली, ते व्यासपीठावरून सांगायला हवं होतं. दुसरी शिफ्ट संपवून रात्री घरी आला की अंगणात बादलीभर पाणी घ्यायचा, दोन्ही हात बुडवायचा आणि ओल्या हातांनी मागचं चाक काढायचा. मागचंच, कारण अंगाचं जास्त वजन मागच्या चाकावर असतं आणि चेनमुळे काढायलाही तेच अवघड. आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची, ब्रेकची पकड सैल करायची, मग चाक सोडवायचं. टायर उघडला की नवी ट्यूब घालायची घाई करायची नाही. आधी आतून बोट फिरवायचं, जपून. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्यावर पडतात, ते टायरमध्ये रुतून बसतात आणि वरून दिसत नाहीत. तो काढला नाही तर नवी ट्यूब दोन किलोमीटरही टिकत नाही. त्या दिवशी तारच निघाली. नऊतलं एक मिनिट त्यानं नुसतं बोट फिरवण्यात घालवलं, आणि त्याच मिनिटानं पुढची शर्यत वाचवली. मग ट्यूबमध्ये तोंडानं थोडी हवा, म्हणजे ती गोल राहते आणि पीळ बसत नाही. टायरची शेवटची कड अंगठ्यांनी ढकलायची, टायर उघडायच्या पट्टीनं नाही. पट्टी घातली की नवी ट्यूब चिमटते आणि तिथंच फाटते. शेवटची कड चढतच नसेल तर टायर सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवायचा, तेवढ्यानं ढील मिळते. हे सगळं गारठलेल्या बोटांना डोळे मिटून यायला हवं.

पावसात पंक्चर जास्त का होतात, हेही त्याच्याच कारखान्यातली माणसं सांगतील. रबर कापताना सुरीला पाणी लावतात की नाही? ओलं रबर लोण्यासारखं कापलं जातं. तसंच ओल्या टायरात काच आणि खडी सहज घुसते. शिवाय पाणी सगळा कचरा वाहून कडेला आणतं, आणि आपण चालवतो कडेनंच. म्हणून पावसात एक ट्यूब पुरत नाही, दोन लागतात. ट्यूबमध्ये हवा भरायची छोटी गॅसची नळी असली तरी हातपंप लागतोच. नळी एकदाच चालते, आणि गॅस सुटताना ती इतकी गार पडते की ओल्या बोटांना चिकटते. फडक्यात धरायची.

टायरची हवाही तीच ठेवून चालत नाही. त्याचं वजन ६८ किलो, टायर २५ मिलिमीटरचे. कोरड्या रस्त्यावर मागं ९० पीएसआय भरायचा, पावसात ८०, पुढं अजून पाच कमी. थोडा मऊ टायर रस्ता धरून राहतो. ब्रेक रिमचे असतील तर ओल्या रिमवर चाकाचा पहिला फेरा-दोन फेरे ब्रेक लागतच नाही, नुसतं पाणी पुसलं जातं. म्हणून उतार दिसला की आधीपासून हलका ब्रेक टेकवून रिम पुसत न्यायचं, वळणाच्या आधी वेग उतरवायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बघायचे. त्यात ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, टाचणीनं काढायचे, नाहीतर ते रिम खातात. चेनला पातळ तेल घातलं तर मुसळधार पावसात तासाभरात धुऊन जातं. पावसाळी जाड तेल, एकेका कडीवर एकेक थेंब, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी वरचं पुसून काढायचं. पुसलं नाही की वाळू चिकटते.

हे शिकायला परदेशी जावं लागत नाही. टिळकवाडीचं रेल्वे गेट पावसात सायकलनं ओलांडून बघा. ओल्या रुळावर चाक तिरकं गेलं की माणूस आडवा. काटकोनातच ओलांडायचं, हँडल न वळवता, ब्रेक न दाबता. गटाराची लोखंडी झाकणं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गतिरोधकाचा रंग, तिथंही हेच. आणि पाऊस सुरू झाल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. डिझेल आणि धूळ मिळून रस्त्यावर साय धरते, ती धुऊन जाईपर्यंत दमानं. जांबोटीच्या रस्त्यावर हा पूर्ण जुलै यासाठी फिरला. चोर्ल्याला मात्र एकदाही गेला नाही. धुक्यात, ट्रकच्या गर्दीत, घाटात उतरणं हा सराव नव्हे. तोही मोह त्यानं आवरला, याचं मला जास्त कौतुक आहे.

समुद्राचं तर बोलायलाच नको. आपल्याकडची पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधून. दहा हात मारले की भिंत लागते. समुद्रात भिंत नाही, तळ दिसत नाही, आणि पावसात वाट दाखवणारा तरंगता बोयाही दिसत नाही. तलावात तो २५ मीटरच्या ७६ फेऱ्या मारायचा, भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळून. दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढायचे, मगरीसारखे. अख्खं डोकं वर काढलं की पाय बुडतात आणि माणूस दमतो. नजर बोयावर नाही, त्याच्या मागच्या उंच खुणेवर ठेवायची, माड किंवा इमारत. दोन्ही बाजूंनी श्वास घेता यायला हवा, कारण लाटा कुठल्या बाजूनं येणार ते आपल्या हातात नाही. ढगाळ हवेत काळे गॉगल चालत नाहीत, पारदर्शक लागतात, आणि त्यांचा पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये, म्हणजे कुणाची लाथ लागली तरी निघत नाही. पावसाळ्याआधी तीनदा वेंगुर्ल्याला जाऊन आला, ओळखीच्या होडीवाल्याला बरोबर ठेवून. पाऊस लागल्यावर एकदाही नाही. ज्या दिवसांत कोळी होड्या वर ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण कोण पाण्यात उतरणारे?

जिद्द लागतच नाही असं नाही. पहाटे चारला उठायला लागते. झालं.

एक गोष्ट आठवून मात्र आत्ता लिहिताना राग जरा उतरलाय. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या आईनं प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली. मोज्यांचे दोन जोड, दोन पिशव्या. पंचाचा तुकडा, तिसरी. सायकलच्या सीटवर घालायला चौथी. हेल्मेट उलटं ठेवू नकोस, पाणी साठतं, हेही तिनंच सांगितलं. तिला शर्यत कळत नाही, पण भात लावणीला उभा जन्म पावसात गेलाय, ओलं कशानं सोलवटतं ते तिला पक्कं ठाऊक. मोजे घालण्याआधी बोटांमध्ये व्हॅसलिन लाव म्हणाली, पावडर नको, तिचा चिखल होतो. सायकल संपल्यावर त्यानं कोरडा जोड चढवला आणि २१ किलोमीटर पळून एकही फोड नाही. माउलीचं नाव एकाही भाषणात आलं नाही.

आणि खाणंपिणं. गार हवेत तहान लागत नाही, म्हणून माणूस पीत नाही, आणि पळायला लागल्यावर पोटऱ्या आखडतात. त्यानं घड्याळाला दर पंधरा मिनिटांची घंटा लावली होती. तहान असो वा नसो, दोन-तीन घोट, तासाला अर्धा लिटर. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट: एका मध्यम केळ्यातून २५, उरलेलं बाटलीतल्या साखर-मिठाच्या पाण्यातून आणि गुळाच्या खड्यातून. पंक्चर काढतानाही घंटा वाजली, त्या नऊ मिनिटांतही दोन घोट घेतले. बाटलीच्या तोंडावर रस्त्याचा चिखल उडतो आणि त्या चिखलात शेण असतं. पहिली चिळकांडी बाहेर सोडायची, मगच प्यायचं. एवढ्याशा गोष्टीवरून पोट बिघडून शर्यत सोडावी लागते.

आता परत राग येतोय, कारण खरी भीती सांगायची राहिली. थंडीनं कुडकुडणं ठीक. पण कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, हेल्मेटचा पट्टा बोटांना सुटेना, तर तिथंच थांबायचं. अंगातली ऊब संपत आल्याची ती खूण आहे. वीज चमकली तर पाण्याबाहेर. त्या क्षणी डोक्यात व्यासपीठावरची भाषणं घुमत असतील तर पोरगा थांबेल का? ज्यांनी १९७८ साली हवाईत आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू केली, त्यांनीच दुसऱ्या वर्षी, १९७९ मध्ये, खराब हवेमुळे शर्यत एक दिवस पुढं ढकलली. दुसऱ्या दिवशी १५ जण उतरले. ती माणसं भित्री होती का? आयोजकांनी पोहणं रद्द केलं तर पुढचं करून यायचं, आणि ते कमी लेखायचं नाही, आपणही नाही आणि गल्लीनंही नाही.

त्या पोराला मी रागावलो नाही. डोळे चमकत होते त्याचे. एवढंच म्हटलं, रविवारी सकाळी साडेसहाला गोगटे सर्कलला ये. सायकल नसू दे, आमची आहे. तोही येणार आहे, बादली घेऊन. येताना वाटेत कुठल्याही पंक्चरवाल्याकडून एक जुनी, फाटकी ट्यूब मागून आण. नवी नको.