एचडी फुटेज ‘कितीही झूम करा’ म्हणे!

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या ग्रुपमधून फिरणारा एक मेसेज आता माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: १०८०चं (फुल एचडी) फुटेज ४के टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) टाका, ‘स्केल टू फ्रेम साइझ’ करा, मग कितीही झूम करा, क्वालिटी जात नाही. मऊ (धूसर) वाटलं तर शार्पन वाढवा, एक्सपोर्टचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) चढवा. आणि वर सल्ला: दुसरा कॅमेरा नकोच, एक वाइड (सगळं दृश्य दिसणारी फ्रेम) लावून ठेवा, क्लोजअप एडिटला काढू.

मुळात गणितच उलटं आहे. १०८०ची फ्रेम १९२० बाय १०८०, ४केची ३८४० बाय २१६०. म्हणजे ती फ्रेम भरायलाच क्लिप दुप्पट ताणावी लागते, झूमला हात लावायच्या आधीच! त्यावर आणखी दुप्पट झूम केलात की मूळ फुटेजमधला ९६० बाय ५४०चा तुकडा पडदाभर पसरतो. रंगाचे हाल त्याहून वाईट. बरेच कॅमेरे ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात, त्यात रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच असते. त्या तुकड्यात ती उरते ४८० बाय २७०. अंतरपाटाच्या वाइडमधून नवरीचा चेहरा असा ओढून काढा आणि बघा: मुंडावळ्यांचे मोती सुटे दिसत नाहीत, एक पांढरट पट्टा दिसतो, कुंकवाची कड कपाळावर पसरते. अंतरपाट परत धरायला सांगता येत नाही. एक कॅमेरा पुरे म्हणणाऱ्याने मग नवरीच्या आईचा फोनही स्वतःच घ्यावा.

‘स्केल टू फ्रेम साइझ’बद्दल अडोबीचं स्वतःचं मार्गदर्शन स्पष्ट आहे: त्यांच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय क्लिप सिक्वेन्सच्या (टाइमलाइनच्या) मापात रीसॅम्पल करतो, म्हणजे त्या मापाचे पिक्सेल नव्याने घडवतो, तर ‘सेट टू फ्रेम साइझ’ मूळ पिक्सेल राखून फक्त स्केलचा आकडा बदलतो. म्हणजे ४के शूट करून १०८० सिक्वेन्सवर पहिला पर्याय निवडलात, तर जास्तीचे पिक्सेल तुम्हीच फेकले. दुसरा निवडा, स्केल ५० दिसेल. तो १००पर्यंत नेला तरी एकही पिक्सेल ताणला जात नाही.

शार्पनने तपशील येत नाही, कडांना पांढऱ्या रेघा येतात. करायचंच तर अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर (क्लिपच्या वर ठेवलेल्या इफेक्टच्या थरावर), हलक्या हाताने. क्लिपवर लावलेला इफेक्ट मोशनच्या स्केलआधी (म्हणजे झूमच्या आधी) लागतो, त्यामुळे रेघाही मोठ्या होतात. नॉइज रिडक्शन (दाणे काढणं) मात्र क्लिपवरच ठेवा, म्हणजे दाणे मोठे व्हायच्या आधीच जातात.

बिटरेटचं अर्धसत्य मान्य, नाइलाजाने. यूट्यूब ४केला जास्त बिटरेट देतं, म्हणून तिथे १०८०चं काम ४के करून चढवलं तर कॉम्प्रेशन कमी जाणवतं. पण ते अपलोडपुरतं. झूममध्ये गेलेला तपशील त्याने परत येत नाही.

हातात १०८०च असेल तर सिक्वेन्सही १०८०चाच ठेवा आणि ११५-१२० टक्क्यांवर थांबा. ४के घेणार असाल तरी शटर (एक फ्रेम किती वेळ उघडी राहते ते) बघा: सेकंदाला २५ फ्रेम असताना १/५० सेकंदावर हलता हात पुसट येतो, आणि झूम केला की तो पुसटपणाही तेवढाच मोठा होतो.